‘रोज होतं’ : दादाच्या पोटाचं प्रकरण

आमच्या विशेष शाळेत प्रत्येक मुलाची एक वर्तनवही असते. तीन रकाने : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याच्या वहीत ३ जुलै ते २८ नोव्हेंबर या काळात माझ्या हस्ताक्षरातल्या ६१ नोंदी आहेत. हनुवटीवर बुक्की मारली. पोट बाकाच्या कडेवर दाबून ओरडला. मनगटाला चावला. जमिनीवर बसला, उठेना. शेवटी ‘संभाव्य कारण’ म्हणून एक ओळ असते. तिथे मी बहुतेक वेळा लिहिलंय, ‘काम टाळण्यासाठी’. पाच महिने मी हेच लिहीत राहिले. त्याचं पोट दुखत होतं.

घरात धाकट्या बहिणीमुळे त्याला सगळेच दादा म्हणतात. मीही इथे दादाच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि आईवडिलांनी ‘लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ असं म्हटल्यावरच लिहायला घेतलं.

दादा तेव्हा १३ वर्षांचा, ३८ किलोचा. चौथ्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालेलं. बोलत नाही, पण सांगितलेलं पुष्कळ कळतं. ‘चप्पल काढ, दप्तर खुंटीला लाव’ असं एका दमात सांगितलं तरी दोन्ही करतो. त्याच्याकडे चित्रकार्डांचा जुडगा असतो : पाणी, झोका, बिस्किट, गाणं, गाडी, घरी, नको, अशी एकूण बारा कार्डं. ती मीच करून दिली होती. त्या बारांत ‘शी’ नव्हतं, कारण संडासला आम्ही त्याला वेळापत्रकाने नेत होतो, मग कार्ड कशाला, असा माझा हिशेब. ‘दुखतंय’ का नव्हतं याला मात्र माझ्याकडे आजही उत्तर नाही. झोका मागायची सोय मी केली होती, दुखणं सांगायची केली नव्हती.

वडील साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाला की पाळ्यांमुळे ते घरात असून नसल्यासारखे. आई शिलाई करते, दोन्ही मुलांचं तीच बघते. दादाचं खाणं पांढरं. ‘बाई, रंग दिसला की ताट सरकवतो,’ असं ती सांगायची. दिवसाला सव्वा लिटर दूध, दहा-बारा ग्लुकोज बिस्किटं, तूप-मीठ घातलेला मऊ भात, बटाट्याचे वेफर्स, आणि एक केळं, तेही सालीवर डाग नसलेलं. भाजी नाही, डाळ नाही. पाणी अगदी थोडं, कारण तहान दुधावर भागलेली.

याला लाड किंवा हट्ट म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. स्वमग्न मुलांच्या खाण्याची अडचण ही ऑटिझमच्या पहिल्या वर्णनाइतकी जुनी आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यातल्या ६ जणांना अगदी जन्मापासून खाण्याची गंभीर अडचण होती, अशी नोंद त्यांनीच केली आहे. भाजीची एक फोड कडक लागते, दुसरी गिळगिळीत. बिस्किट मात्र पुड्यातलं पहिलं असो की शेवटचं, तसंच लागतं. ज्याच्या जिभेला आणि नाकाला प्रत्येक फरक दसपट जाणवतो, त्याने बिस्किटाला धरून राहणं मला तरी समजतं.

त्या पांढऱ्या ताटात एक अपवाद होता. वर्षभरापूर्वीपर्यंत दादा चपाती खायचा. तूप लावून गुंडाळी केलेली, दिवसाला तीन. मग कुणीतरी फोनवर एक निरोप पुढे ढकलला की गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम जातो. दूध बंद करणं शक्यच नव्हतं, म्हणून आईने निदान गहू तरी बंद करू म्हणत चपाती थांबवली. बिस्किटं मैद्याची, म्हणजे गव्हाचीच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोणत्या मुलाच्या ताटात गहू-दूध आहे हे पालकांना आणि तपासणाऱ्यांना कळू न देता घेतलेल्या चाचण्यांत या पथ्याचा ऑटिझमवर फायदा दिसलेला नाही. पण त्यात त्या आईला काय बोलणार? लेकरासाठी काहीतरी करायचं होतं, आणि हातात तेवढंच होतं. झालं इतकंच की दादाच्या पोटात जाणारा चोथ्याचा मुख्य पदार्थ गेला.

मे महिन्यात एका लग्नाच्या प्रवासात त्याला कडक खडा होऊन रक्त पडलं होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा खालच्या संडासाची दुरुस्ती निघाली होती, म्हणून मुलांना वरच्या मजल्यावर न्यायला लागलो. तिथे हवा बाहेर टाकणारा पंखा आहे. घरघर करतो, मध्येच खडखडतो. दादा दारात जायचा, कानांवर हात ठेवायचा आणि मागे फिरायचा. ‘लागली नसेल’ म्हणून आम्ही परत आणायचो. घरीही तो कोपऱ्यात जाऊन पाय ताठ करून, टाचा उचलून, दाराला धरून उभा राहायचा. आईला वाटायचं शी करायला जोर लावतोय. तो ती रोखत होता. एकदा दुखलं की मूल रोखतं, रोखलं की मळ सुकून आणखी कडक होतो, आणि पुढच्या खेपेला आणखी दुखतं.

जुलैच्या शेवटी चड्डी खराब व्हायला लागली. दिवसातून दोनदा, तीनदा, पातळ, डाग पडल्यासारखं. घरी पाठवायच्या डायरीत मी लिहिलं, ‘जुलाब होत आहेत, कृपया दाखवून घ्यावे.’ हा माझा शब्द पुढे चार महिने सगळीकडे फिरला. जवळच्या दवाखान्यात आईने तोच सांगितला, तिथून जुलाब थांबवायचं औषध मिळालं. घरात साबुदाण्याची पेज, केळी, भात. म्हणजे जे व्हायला हवं होतं त्याच्या अगदी उलट.

सप्टेंबरमध्ये मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो, मी सोबत होते. बाकांवर माणसं, नंबर पुकारणं, भिंतीवरचा टीव्ही. अडीच तासांनी आत गेलो तोवर दादा जमिनीवर होता. मी वही पुढे केली. तीन रकाने, नीटनेटके. समोरच्या डॉक्टरांना त्यात जे दिसायला हवं तेच दिसलं : चिडचिड, स्वतःला इजा, वाढता क्रम. रिस्पेरिडोन सुरू झालं, आणि त्यामुळे हातपाय ताठू नयेत म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल. यात गैर काही नव्हतं. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळालेली आहे, ५ ते १६ वयोगटासाठी. पोटाचा प्रश्नही विचारला गेला. ‘पोट साफ होतं का?’

आई म्हणाली, ‘हो, रोज होतं.’

ती खोटं बोलत नव्हती. रोज तीन चड्ड्या तिच्याच हातून धुतल्या जात होत्या. पण या दोन शब्दांवर प्रश्न मिटला आणि पोटाला कुणी हात लावला नाही. आणि जोडीला दिलेली दुसरी गोळी आतड्यांची हालचाल मंद करते. रिस्पेरिडोननेही काहींना बद्धकोष्ठ होतं, शिवाय भूक वाढते. दादाची भूक वाढली ती बिस्किटांची.

ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे वहीत फारशा नोंदी नाहीत. तो पेंगत होता. आम्ही त्याला ‘शांत झाला’ म्हणालो. दिवाळीनंतर जे सुरू झालं ते आधीपेक्षा वाईट. हनुवटीखाली निळं पडलं. रात्री दोन-दोन तास घरभर फिरणं. पाच वर्षांपूर्वी थांबलेलं अंथरुण ओलं होणं परत आलं. २८ नोव्हेंबरला शाळेत बैठक झाली, त्याला अर्धा दिवसच बोलवावं का, अशी. मी ‘हो’ म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मदतनीस मावशींनी मला मोरीकडे बोलावलं. मुलांना संडासला नेणं, धुणं, कपडे बदलणं हे सगळं त्या करतात. बैठकीला त्यांना बोलावलेलं नव्हतं. कधीच बोलावत नसू.

‘बाई, ह्यो जुलाब न्हवं,’ त्या म्हणाल्या. हातात दादाची न धुतलेली चड्डी होती. ‘जुलाबाचा वास येगळा असतोय. हे नुसतं पाझरलंय. माझा सासरा खाटंवर हुता तवा असंच झालतं. आत खडा गच्च बसतोय आन् त्याच्या कडंकडंनं पातळ गळतंय. ह्याचं पोट बघितलंय का तुमी? धुताना हाताला लागतंय.’

मी विचारलं, नीट शी कधी झाली होती. त्या म्हणाल्या, ‘म्हागल्या बाजारापासनं तर मी बघितली न्हाई. त्याच्या आदीचं ध्यानात न्हाई.’ मग जरा थांबून, ‘मला कुणी इचारलं न्हाई.’

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि पहिल्यांदा रकाने सोडून नुसत्या वेळा वाचल्या. ६१ पैकी ४४ नोंदी ११.४० ते १२.२० या दरम्यानच्या. डब्याची सुट्टी ११.१५ ला. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हालचाल करतं, मळ पुढे ढकलतं. हे तुमचं-माझं सगळ्यांचं होतं, म्हणून तर लहान मुलाला खाल्ल्यावर लगेच शी लागते. दादाचं आतडं ढकलत होतं आणि पुढे वाट बंद होती. सुट्टीनंतरचा तास गणिताचा. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात मी इमानदारीने लिहिलं होतं, ‘मणी मोजायला दिले’. तिथून ‘काम टाळण्यासाठी’ हे कारण सरळच निघत होतं. वहीत मधूनच दोन-तीन दिवस एकही नोंद नसलेल्या जागा होत्या. आईला फोन करून तारखा सांगितल्या. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘बाई, ऑगस्टमधी त्या दिवशी आमचा कमोड तुंबला होता. आणि दसऱ्याच्या सुमारास पण एकदा. एवढं मोठं झालेलं की बादलीनं जाईना.’

पाच महिन्यांत दोनदा त्याला खरी शी झाली होती, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस तो शहाण्यासारखा मणी मोजत होता.

मिरजेत एक बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना आधी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी दुपारची, गर्दी ओसरल्यावरची वेळ दिली. तरीही दादा व्हॅनमधून उतरेना. मागच्या सीटवर कुशीवर पडून, गुडघे छातीशी घेऊन तो एकच सूर लावत होता. आई रडकुंडीला आली. डॉक्टर स्वतः खाली आले. ओम्नीचं मागचं दार उघडून पायरीवर बसले, काही न बोलता. पाचेक मिनिटांनी त्यांनी आपला तळहात दादाच्या बहिणीच्या पोटावर ठेवला, मग आईच्या, मग स्वतःच्या, आणि मग दादाकडे नेऊन हवेतच थांबवला. दादाने तो हात धरला आणि बेंबीच्या खाली दाबला. जोरात. बारा कार्डांत जे नव्हतं ते त्याने तिथे सांगितलं.

डॉक्टरांनी चाचपून माझाही हात तिथे ठेवला. डावीकडून खाली उतरणारी, ओल्या मातीच्या वरवंट्यासारखी कठीण गाठ. एक्स-रेची गरज पडली नाही. गुदद्वाराची तपासणी त्यांनी त्या दिवशी टाळली. निदान पोटावरूनच झालं होतं आणि रोखून धरणाऱ्या मुलाला आणखी घाबरवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी व्हॅनच्या पायरीवरच कागदावर चित्र काढून समजावलं. मळ महिनोन्‌महिने साठला की आतड्याचं शेवटचं टोक, म्हणजे मलाशय, पिशवीसारखं ताणतं. ताणलेल्या पिशवीला ‘भरलं’ हे कळेनासं होतं. वरून येणारा पातळ मळ गोळ्याच्या बाजूने झिरपतो आणि मुलाला न कळता बाहेर येतो. तो जुलाब दिसतो, असतो बद्धकोष्ठच. फुगलेलं मलाशय मूत्राशयाला रेटतं, म्हणून अंथरुण ओलं. कित्येक स्वमग्न मुलांना शरीराच्या आतल्या खुणा, म्हणजे भूक, तहान, लागणं, दुखणं, मुळातच वेगळ्या किंवा अंधुक कळतात, त्यामुळे आधीच कमी ऐकू येणारा निरोप आणखी क्षीण झाला होता.

वडील कामावरून परस्पर आले होते. त्यांनी जे विचारलं ते बऱ्याच घरांत मनातल्या मनात विचारलं जातं : ‘डॉक्टर, हे त्या लसीमुळे तर नाही ना? तिनंच पोट बिघडतं म्हणतात.’

डॉक्टर म्हणाले, नाही. आणि मग ती गोष्ट त्यांनी नीट सांगितली. १९९८ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा लेख छापला. गोवर-गालगुंड-रुबेला लस, आतड्याचा दाह आणि ऑटिझम यांची सांगड त्यात सुचवली होती. २०१० मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. लस आणि ऑटिझमचा संबंध नाही, हे लाखो मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्या लेखाने लोकांच्या मनात लसीची भीती घातली, ते नुकसान सर्वांना माहीत आहे. मला त्या दिवशी दुसरं नुकसान दिसलं. ‘ऑटिझम आणि पोट’ हे शब्द शेजारी आले की शहाणी माणसं बिचकायला लागली आणि पोट भोंदू उपायवाल्यांच्या हाती गेलं.

खरं तर त्याच २०१० साली अमेरिकेतल्या ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात तज्ज्ञांच्या एका गटाचं एकमताचं निवेदन आलं होतं. त्यात म्हटलं होतं की ऑटिझमचा असा खास आतड्याचा रोग सिद्ध झालेला नाही, पण स्वमग्न व्यक्तीला पोटाची तक्रार असेल तर तिची तपासणी इतर कुणाहीइतकीच कसून व्हायला हवी, आणि न बोलणाऱ्या माणसात बदललेलं वर्तन हीच दुखण्याची एकमेव खूण असू शकते. २०१४ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात स्वमग्न मुलांत पोटाच्या तक्रारींचं प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पुढे निघालं : एकूण तक्रारींची शक्यता चौपटीहून जास्त, एकट्या बद्धकोष्ठाची पावणेचार पटींहून जास्त. कारणं एकाहून अधिक असतात. ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या विष्ठेतल्या जिवाणूंवर २०२१ साली एक अभ्यास आला. त्याचा कल असा की जिवाणूंमुळे ऑटिझम होतो असं दिसत नाही, उलट ऑटिझममुळे खाणं ठरावीक होतं आणि ठरावीक खाण्याने जिवाणूंची विविधता घटते. दादाचं ताट डोळ्यांपुढे असल्यावर मला हे पटायला वेळ लागला नाही.

उपचार घरीच झाला, नाताळच्या सुट्टीत. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर. ती आतड्यात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. साठलेला मळ काढायला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, जास्तीत जास्त सहा दिवस, अशी मात्रा बालरोग पोटविकारांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दादाला डॉक्टरांनी त्याच हिशेबाने दिली आणि रोज फोनवर विचारपूस ठेवली. हे कुणी आपल्या मनाने करू नये. आतडं खरोखर कुठे अडकलेलं असेल तर याने धोका होतो. दुकानात आधी मिळाली ती क्षार घातलेली पावडर. खारट. दादाने एक घोट घेऊन पेला भिंतीवर मारला. दुसऱ्या दिवशी बिनक्षाराची, बेचव पावडर मिळाली. ती त्याच्याच हिरव्या पेल्यातल्या दुधात विरघळवली, तेव्हा गेली.

आईने त्या सहा दिवसांची नोंद शाळेच्या वहीतच ठेवली. तिच्या अक्षरात ती अशी आहे : पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, फार पाणी, चादरी सात. ‘जुलाब वाढले म्हणून भीती वाटली, डॉक्टर म्हणाले असंच होतं, बंद करू नका.’ तिसरा दिवस, रात्री दोन वाजता काळे खडे, खूप रडला, पाठीवर हात फिरवत बसले. चौथा दिवस, चार वेळा, ‘एवढं याच्या पोटात मावलं कसं.’ पाचवा, दोनदा, मऊ. सहावा, पिवळं पाणी. त्याखाली वेगळ्या शाईत : ‘रात्री दहाला झोपला. सकाळी सातला उठला. अंथरुण कोरडं.’

मोकळं झालं म्हणजे बरं झालं, असं नसतं. ताणलेलं मलाशय आकसायला महिने लागतात, तोवर पावडर कमी मात्रेत रोज चालू. दूध सव्वा लिटरवरून अर्ध्यावर आणायचं होतं. आईने पेला बदलला नाही. रोज दोन बोटं कमी ओतत गेली, तीन आठवड्यांत जमलं. सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी झाली, ती सामान्य आली. ही तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधी बंद करून मग तपासलं तर खोटा दिलासा मिळतो. बिस्किटांच्या कृपेने दादाचा गहू सुटलेलाच नव्हता. चपाती परत ताटात आली. पहिले नऊ दिवस त्याने ती नुसती हुंगून ठेवली, दहाव्या दिवशी गुंडाळी अर्धी खाल्ली. लोहही कमी निघालं. एवढ्या दुधावर वाढणाऱ्या मुलांत ते बऱ्याचदा निघतं. पण लोहाच्या औषधानेही पोट घट्ट होऊ शकतं, म्हणून ते महिनाभर थांबून सुरू केलं.

घरच्या कमोडवर त्याचे पाय लोंबकळायचे. पायाखाली जेवणाचा जुना पाट ठेवला. गुडघे कंबरेच्या वर आले की खालचा स्नायू सैल पडतो. जेवणानंतर पाच मिनिटं बसायचं, होवो न होवो, एक गाणं संपेपर्यंत. शाळेत मी वरच्या संडासाच्या पंख्याचं बटण चिकटपट्टीने बंद केलं. सहा महिन्यांचा त्रास आणि उपाय एका बोटाचा, हे मला अजून सलतं.

जानेवारीत मानसोपचारतज्ज्ञांकडे परत गेलो, पोटाचे कागद घेऊन. त्यांनी ट्रायहेक्सिफेनिडिल टप्प्याटप्प्याने थांबवलं आणि रिस्पेरिडोन निम्म्यावर आणलं. तुमच्या वहीत मी आधी पोटाची माहिती मागायला हवी होती, असं तेच मला म्हणाले. मी म्हणाले, वहीत तो रकानाच नव्हता.

आता आहे. चौथा रकाना : झोप, खाणं, शी, लघवी, अंगावर खूण. शीसाठी आकडा लिहितो, १ ते ७. ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी केलेला हा तक्ता आहे. १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, ४ म्हणजे गुळगुळीत मऊ, ७ म्हणजे नुसतं पाणी. तक्ता मावशींच्या मोरीत लावलाय आणि आकडा त्याच लिहितात.

जानेवारीत वहीत नऊ नोंदी होत्या, फेब्रुवारीत सहा. पोट बाकावर दाबणं बंद झालं होतं, हनुवटीवरची बुक्की मात्र राहिली होती. एव्हाना मी जरा शिकले होते. सगळ्या बुक्क्या डावीकडे. दुधात बिस्किट बुडवून खाल्ल्यावर आणि गार पाण्यानंतर. दाताच्या डॉक्टरांना त्याने तोंड उघडून दिलं नाही, म्हणून मार्चमध्ये पूर्ण भूल देऊन तपासलं. खालच्या डाव्या दाढेत मुळापर्यंत कीड. ती काढली, बाकी दोन भरल्या. एप्रिलमध्ये हनुवटीची एकच नोंद आहे, तीही झोका तुटला त्या दिवशीची.

कार्डं आता अठरा आहेत. ‘दुखतंय’ शिकवणं सोपं नव्हतं, कारण आतलं दुखणं बोटाने दाखवता येत नाही. गुडघा खरचटला, दारात बोट सापडलं, की लगेच कार्ड त्याच्या हातात द्यायचं आणि तिथे ठेवायचं. माझं डोकं दुखत असलं तर मी ते माझ्या कपाळावर धरायची. मे महिन्यापर्यंत तो ते स्वतः उचलत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं इतकं छान चाललं होतं की घरच्यांनी आपणहून पावडर निम्मी केली आणि मग बंदच केली. त्यांना दोष देत नाही, मुलगा हसत होता. जूनमध्ये शाळा उघडली. सुट्टीत वीजवाल्याने चिकटपट्टी काढली होती आणि पंखा पुन्हा घरघरत होता. १८, १९, २० जून या तीन दिवशी चौथ्या रकान्यात मावशींनी शून्य, म्हणजे शी झाली नाही, असं लिहिलं, आणि २० च्या शून्याभोवती गोल केला. २१ ला डबा झाल्यावर, ११.५० ला, दादाने जुडग्यातून ‘दुखतंय’ काढून बेंबीखाली धरलं. माझ्याकडे आला नाही, मावशींकडे गेला. मी आईला फोन केला, आईने डॉक्टरांना. पावडर त्याच रात्री सुरू झाली. २३ तारखेला वहीत ३ लिहिलंय, २४ ला ४. पंख्याची तार आम्ही काढूनच टाकली. पावडर या खेपेला दिवाळीपर्यंत तरी चालू राहील, आणि कमी करायची वेळ आली की वही मिरजेला न्यायची ठरली आहे.